रिंग रोडवर (छत्रपती चौक ते दिघोरी) खांब न टाकता रस्त्यावरूनच ट्राम का नाही चालवत?

मानेवाडा_वाला

नमस्कार मंडळी. आपल्या नागपुरात नवीन लाइनचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट वर पाहतात, म्हणजे खांब, गर्डर आणि वरून मेट्रो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधात पूल, वर मेट्रो, तो ३.१४ किमीचा डबलडेकर गिनीजमध्ये पण गेला. मग कामठी रोडवर त्याहून लांब ५.६७ किमीचा झाला, आणि गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर पूल, त्यावर मेट्रो असे चार मजले. चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण साऊथ रिंग रोड ना पहिल्या फेजमध्ये ना दुसऱ्या. दुसऱ्या फेजची ४३.८ किमी आहे ती बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे, म्हणजे आहे त्याच चार टोकांना पुढे लांबवणं. ओंकार नगर, मानेवाडा, उदय नगर, म्हाळगी नगर, दिघोरी इकडच्या माणसाने काय करायचं तर स्कूटीला किक मारायची.

आता आमचा रिंग रोड चांगला रुंद आहे, मधात डिव्हायडर आहे. माझा साळा सिडनीत राहते, त्याने तिथल्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या ट्रामचा व्हिडिओ पाठवला. भर बाजारातून गाडी चालली आहे, आवाज नाही, वर तार पण नाही, लोक बाजूने कॉफी घेऊन फिरून राहिले. तो व्हिडिओ पाहिल्यापासून डोक्यात हेच आहे की डिव्हायडर काढा, तिथे रूळ टाका, छत्रपती चौकात मेट्रोला जोडून द्या, झालं. खांबाचा खर्च नाही, स्टेशनला एस्केलेटर नको, जिने नको. यात नेमकं काय अडते ते कोणी जाणकार सांगेल का?

दुसरा प्रश्न स्वार्थाचा आहे. माझं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे आतल्या गल्लीत, ते रिंग रोडवर आणायचा विचार चालू आहे, जागा पाहून ठेवली. उद्या असं काही काम निघालंच तर रोडवरच्या दुकानाचं काय होते?

झामल_झामल

ट्राम येईन तेव्हा येईन भाऊ, पण रूळ पडले की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पहिला ठेला लागन पाणीपुरीचा आन तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिथेच मंडप टाकन. ट्रामवाला घंटी वाजवत बसन आन मंडपवाला म्हणन बाजूनं घे नं बे.

खड्डा_इंजिनीअर

@मानेवाडा_वाला भाऊ, प्रश्न चांगला आहे आणि वर वर पाहता तुझं बरोबर वाटते. मी याच लाइनमध्ये आहे, रूळ टाकणाऱ्यांच्या आधी जे खोदतात त्यांच्यात. म्हणून थोडं लांब लिहितो, चहा घेऊन बस.

रूळ टाकणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. दोन ट्रॅक बाजूबाजूला म्हणजे साधारण ७ ते साडेसात मीटर रुंदी, जिथे थांबा आहे तिथे प्लॅटफॉर्मचे अजून ३ मीटर धर. तुझ्या डिव्हायडरमध्ये हे बसत नाही, दोन्हीकडची एकेक लेन जाते हे आधी डोक्यात घे. खाली अर्धा-पाऊण मीटर खोदून काँक्रीटचा स्लॅब, त्यात खाचेचा रूळ, वरून रस्ता प्लेन. एवढंच असतं तर कधीच झालं असतं.

अडते ते त्या स्लॅबच्या खाली. रिंग रोडच्या पोटात काय काय आहे विचार कर. पाण्याची मोठी लाइन, तिच्या फांद्या, गटारलाइन, पावसाळी नाली, महावितरणच्या केबल, टेलिफोनच्या जुन्या केबल, पाच-सहा कंपन्यांचं फायबर. हे कुठून गेलं आहे त्याचा नकाशा प्रत्येक खात्याकडे असतो आणि खोदलं की प्रत्यक्षात ते दोन-तीन मीटर इकडे नाहीतर तिकडे निघते, कधी नकाशात नसलेलं पण निघते. आता ट्रामच्या स्लॅबखाली पाण्याची लाइन ठेवता येत नाही, काहून की ती फुटली तर ट्राम बंद करून स्लॅब फोडावा लागन. मेट्रोच्या दोन खांबांमधल्या रस्त्यावर लाइन फुटली तर खोदा आणि बुजवा, मेट्रो वरून चालूच. म्हणून ट्राम टाकायची तर पूर्ण लांबीत, लक्षात घे, पूर्ण लांबीत, खालचं सगळं बाजूला न्यावं लागते. बाजूला म्हणजे कुठे? तुझ्या दुकानासमोर.

मेट्रो वर का जाते याचं लोकांना वाटते की फक्त स्पीडसाठी. स्पीड आहेच, पण खांब २५-३० मीटरला एक येतो, तेवढ्याच ठिकाणी खालचं हलवायचं, बाकी लाइनीला हात लावायचा नाही. खोदणाऱ्याच्या दृष्टीने तो स्वस्त सौदा आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्कॉटलंडचं एडिनबरा पहा. २००८ च्या सुमारास काम सुरू, खालच्या लाइनी हलवता हलवता कंत्राटदार आणि महापालिका कंपनीत भांडणं, प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांचा मेन बाजार, तो एकदा बंद करून रूळ टाकले, मग पृष्ठभाग खराब निघाला म्हणून परत बंद करून परत खोदला. लाइन न्यूहेवनपर्यंत जायची होती, पैसे संपले म्हणून मधातच यॉर्क प्लेसला थांबवली आणि ३१ मे २०१४ ला चालू केली. अर्धी लाइन, खर्च ७७ कोटी ६० लाख पौंड. राहिलेली न्यूहेवनपर्यंतची जून २०२३ ला झाली. चौकशी बसवली होती तिचा रिपोर्टसुद्धा सप्टेंबर २०२३ ला आला, म्हणजे चौकशीलाच नऊ वर्षं. आणि हे लोक आपल्यापेक्षा नकाशे बरे ठेवतात असं म्हणतात.

अजून एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. ट्राम साधारण ७५० व्होल्ट डीसीवर चालते, करंट वरून येतो आणि रुळातून परत जातो. रूळ जमिनीत असल्यामुळे थोडा करंट जमिनीत झिरपतो आणि जवळची लोखंडी पाइप पकडून परत जातो, आणि ज्या ठिकाणी तो पाइप सोडतो तिथे पाइप खातो. म्हणून रूळ रबरात गुंडाळून बसवावे लागतात, खाली करंट गोळा करायची जाळी टाकावी लागते. आपली नागपूर मेट्रो २५ केव्ही एसीवर आहे, तिथे हा प्रकार या पद्धतीने येत नाही.

बाकी चौक, सिग्नल, नरेंद्र नगरचा पूल यावर नंतर लिहितो, साइटवरून फोन येऊन राहिला.

रोजची_बस

इंजिनीअर दादांनी खालचं सगळं छान सांगितलं, मी वरचं सांगते कारण मी रोज म्हाळगी नगरहून बसने बर्डीला जाते आणि मला खोदण्यातलं काही कळत नाही पण उभं राहण्यातलं कळतं.

जमिनीवरची गाडी हवी हे मानेवाडावाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, त्या मेट्रोला नाही म्हणत नाहीत, लिफ्टपर्यंत पोचायला रस्ता क्रॉस करायचा त्यालाच नाही म्हणतात. मेट्रो स्टेशन म्हणजे आधी रस्त्याच्या ज्या बाजूला लिफ्ट आहे त्या बाजूला या, मग वर जा, मग चेकिंग, मग अजून वर, आणि उतरलं की हेच सगळं उलट. दोन-तीन स्टेशनसाठी कोण करतं हे? ट्राममध्ये फुटपाथवरून सरळ आत, जमिनीपासून फूटभर उंची, व्हीलचेअर सुद्धा जाते. छोट्या अंतराला हेच लागतं आणि रिंग रोडवरची अर्धी माणसं छोट्या अंतराचीच आहेत, ओंकार नगरहून मानेवाडा, मानेवाड्याहून दिघोरी, शाळा, क्लास, दवाखाना.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. ती लेन ट्रामला मिळेल आणि ट्रामलाच राहील हे कोण सांगणार? कारण रूळ नको, तार नको, काही खोदायला नको, नुसती एक लेन बसला देऊन टाकली असती तरी आज माझा अर्धा वेळ वाचला असता. ती दिली का? पुण्यात २००६ ला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी लेन, आली, तिची काय दशा झाली सगळ्यांना माहीत. दिल्लीने स्वतःची तोडली, भोपाळने काढली, इंदूरवाले एवढं कौतुक करायचे त्यांच्या बीआरटीएसचं, ती पण काढायला निघाले. प्रत्येक ठिकाणी ओरड एकच, की गाडीवाले जाममध्ये उभे आणि बाजूची लेन रिकामी. अहो लेन रिकामी दिसणारच, त्यातून दोन मिनिटांत शंभर माणसं जाऊन गेलेली असतात ती कशी दिसतील.

आणि मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना थांब्यावर सावली पाहिजे. पत्र्याचं शेड म्हणजे सावली नव्हे, ती भट्टी असते.

कलकत्ता_रिटर्न

ताईंचा मुद्दा पुढे नेतो. नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं कोलकात्यात होतो, ट्रामने फिरलेला माणूस आहे. तिथे १८७३ ला घोड्याची ट्राम आली, १९०२ ला विजेची. लोक म्हणतात ट्राम स्लो असते म्हणून बंद पडली, हे उलटं आहे. अनेक रस्त्यांवर ट्रामला मधात स्वतःची जागा होती, कडेला कठडा, आत गवत. ती जागा हळूहळू मोटारींना देऊन टाकली, रूळ डांबरात बुडवले, मग बस टॅक्सी रिक्षा सगळे त्याच रुळावर आले आणि ट्राम त्यांच्या मागे उभी. मग म्हणायला मोकळे की पहा ट्राममुळे जाम होतो. २०२४ ला सरकारने सांगून टाकलं की मैदान-एस्प्लनेडचा एक हौसेचा मार्ग ठेवू, बाकी बंद. मुंबईने तर ३१ मार्च १९६४ लाच शेवटची ट्राम काढली.

दुसरं म्हणजे दुचाकी. नागपूर म्हणजे दुचाकीचं शहर. रुळाची जी खाच असते त्यात स्कूटीचं चाक अडकत नाही असं म्हणतात, पण पावसात रुळावर तिरपं चाक गेलं की घसरतंच, कोलकात्यात रोजचं होतं. रूळ काटकोनात ओलांडायचा हे सायकलवाल्यांना कळायला वेळ लागतो, इथे तर कॉलेजची पोरं तीन सीट बसून डिव्हायडरच्या फटीतून यू-टर्न मारतात.

झामल_झामल

काका पोट्टे काटकोनात काय, सरळ रेषेत पण नाही चालवत. आपल्या इथं फक्त सिग्नल असतो तिथं सरळ जातात, ते पण लाल असल्यावर.

खड्डा_इंजिनीअर

आलो परत. कलकत्ता काकांनी लेनचं सांगितलं त्यावर सरकारी उत्तर पण आहे, २०१९ मध्ये केंद्राने मेट्रोलाइट म्हणून स्टँडर्ड काढलं. तासाला एका दिशेने १५ हजारापर्यंत प्रवासी असतील तिथे मेट्रोऐवजी हे करा, तीन डब्यांची गाडी, साधारण ३०० माणसं, जमिनीवरून पण स्वतःच्या वेगळ्या पट्ट्यातून, आणि खर्च मेट्रोच्या ४० टक्क्यांच्या आसपास. २०२१ च्या बजेट भाषणात पण मेट्रोलाइट आणि मेट्रोनिओ दोन्हीचं नाव आलं. नाशिकची ती टायरवाली निओ आपल्याच महामेट्रोने मांडली होती. नावं खूप झाली, धावत काहीच नाही.

आता त्या स्टँडर्डमधली गंमत सांगतो. पट्टा वेगळा ठेवायचा म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपण. म्हणजे साळ्याच्या व्हिडिओतलं ते कॉफी घेऊन फिरणं विसर. रिंग रोडच्या मधात कुंपण आलं की मानेवाड्याच्या या बाजूच्या माणसाला समोरच्या मेडिकलमध्ये जायला चौकापर्यंत चालत जावं लागन. कुंपण नाही लावलं तर कलकत्ता होते, लावलं तर रस्त्याचे दोन गाव होतात. यातला मधला मार्ग म्हणजे थोडा उंच केलेला पट्टा, गाडी चढू नये पण माणूस ओलांडू शकेल एवढा, युरोपात तसंच आहे. आपल्याकडे त्याला कोण मंजुरी देणार हा विषय वेगळा.

चौकांचं असं की छत्रपती चौक ते दिघोरी मोठे चौक मोजले तरी बरेच होतात, मधल्या कटिंगा सोडून. मेट्रो हे सगळं वरून उडून जाते. ट्रामला प्रत्येक चौकात हिरवा मिळाला तरच ती बसपेक्षा फास्ट. ट्राम जवळ आली की सिग्नल स्वतः हिरवा धरून ठेवते ही सिस्टीम जगभर आहे, जुनी आहे, महाग नाही. पण गर्दी झाली की आपले हवालदार साहेब सिग्नल हातात घेतात, आणि त्यांना समोर दिसते ती गाड्यांची रांग. ट्रामच्या ३०० माणसांची रांग त्यांना एकच गाडी दिसन.

नरेंद्र नगरचा रेल्वे पूल तर वेगळंच प्रकरण. रिंग रोड तिथे रेल्वेच्या खालून जातो. ट्रामची तार वरून नेली तर खालून ट्रक जायला उंची राहायला पाहिजे, ती किती राहते ते मोजावं लागन. रस्ता अजून खाली घ्यायचा तर पावसाळ्यात तिथे आधीच पाणी साचते, सगळ्या नागपूरला माहीत आहे. तार नसलेली सिस्टीम आहे, रुळाच्या मधात तिसरी पट्टी असते आणि ट्राम वर असेल तेवढाच तुकडा जिवंत होतो. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये २००३ पासून चालू आहे, सिडनीत त्याच व्हिडिओतल्या रस्त्यावर तीच आहे म्हणून त्याला तार नाही दिसली. पण पाणी तुंबणाऱ्या जागेत ती पट्टी टाकायला मी तरी सही करणार नाही. तेवढा तुकडा बॅटरीवर काढता येईन, आजकालच्या गाड्या काढतात.

माझं मत विचारशील तर मी म्हणीन की रिंग रोड हा नागपुरात ट्रामसाठी त्यातल्या त्यात बरा रस्ता आहे. सीए रोड, महाल, इतवारीत तर नावच काढू नका, तिथे मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा माणसाला जागा नसते. पण रिंग रोडवर सुद्धा आधी दोन वर्षं फक्त खालचं काम करा, रूळाचं कंत्राट नंतर काढा. दोन्ही एकत्र दिलं की एक जण दुसऱ्याची वाट पाहते, आणि वाट पाहायचे पैसे आपण भरतो.

सिडनीचा_साळा

मीच तो साळा 🙏 भाऊजी तुम्ही व्हिडिओ इथे चर्चेला टाकाल हे सांगितलं नाही.

काही गोष्टी व्हिडिओत दिसत नाहीत त्या सांगतो. जॉर्ज स्ट्रीटच्या ज्या भागात मी उभा होतो तिथे गाड्यांना बंदीच आहे. आधी तिथे बसची रांगच्या रांग असायची, तो रस्ता बंद करून पायी चालणाऱ्यांना आणि ट्रामला दिला. म्हणून शांत वाटतं. तुमच्या रिंग रोडवरून ट्रक बंद करणार का? नाही नं.

काम ऑक्टोबर २०१५ ला सुरू झालं, पहिली लाइन डिसेंबर २०१९ ला उघडली, दुसरी एप्रिल २०२०. सुरुवातीला १.६ अब्ज डॉलर सांगितले होते, शेवटी ३ अब्जाच्या जवळ गेले, ऑस्ट्रेलियन डॉलर. इंजिनीअर साहेब म्हणतात तेच कारण, जमिनीखालच्या विजेच्या केबल आणि चेंबर. वीज कंपनीच्या अटी कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा कडक निघाल्या, त्याने सरकारवर अब्जाच्या वर दावा ठोकला आणि २०१९ ला ५७ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. दुकानदारांनी पण एकत्र येऊन केस टाकली होती, की तुम्ही सांगितलेल्या मुदतीपेक्षा कितीतरी जास्त काळ आमच्या दारात कुंपण ठेवलं.

हे सगळं खरं असलं तरी आज ती ट्राम भरून जाते. दोन गाड्या जोडून ६७ मीटर लांब, साडेचारशेच्या आसपास माणसं. इथले लोक आता खर्चाबद्दल बोलत नाहीत, गर्दीबद्दल बोलतात. आई आली होती तेव्हा तिला एकटीला पाठवू शकलो ते ट्राममुळेच, भाषा येत नसताना.

मानेवाडा_वाला

@सिडनीचा_साळा तू व्हिडिओसोबत हे पण लिहून पाठवलं असतंस तर मी एवढा उड्या नसत्या मारल्या 😄

इंजिनीअर भाऊ, मग त्या फ्लॅश चार्जिंग बसचं काय? गडकरी साहेब सांगतात नं, १३० च्या वर सीटची लांबलचक इलेक्ट्रिक बस, थांब्यावर उभी राहिली की तेवढ्यात चार्ज, विमानासारख्या सीटा. ती रिंग रोडसाठीच सांगून राहिले. रूळच नाही म्हणजे खालचं काही हलवायचं नाही. मग ट्रामची गरज काय?

खड्डा_इंजिनीअर

खोदणं वाचते हे बरोबर, आणि माझ्यासारख्याचा धंदा पण जाते 😅 पण ताई जे म्हणतात ते तिथेही लागू आहे. स्वतःची लेन दिली तर ती बस ट्रामचं बरंचसं काम करन, नाही दिली तर ती जाममधली सगळ्यात लांब आणि सगळ्यात भारी बस असन. सीमेंट रोडवर चाकाचं वजन तो वेगळा हिशोब.

रुळाचा एक फायदा मात्र बसला कधीच मिळत नाही, तो म्हणजे उखडता येत नाही. बसची लेन एका नोटिशीने रद्द होते, इंदूरला पाहिलं. काँक्रीटमध्ये बसवलेला रूळ काढायचा तर कोणाला तरी त्याचा खर्च दाखवावा लागते.

रोजची_बस

कलकत्त्यात रूळ होतेच की. डांबर टाकून बुडवलेच नं त्यांनी.

खड्डा_इंजिनीअर

हाव, ते आहे ताई.

जुना_गल्लेवाला

सगळे ट्रामवरच बोलून राहिले, पोराने दुकानाचं विचारलं त्याला कोणी उत्तर नाही दिलं. मी देतो.

आमचं दुकान दुसऱ्या एका रोडवर, नाव घेत नाही, आमच्या दारातून मोठं काम गेलं. सुरू करताना सांगितलं होतं की एका पावसाळ्यात होऊन जाईन. कामाभोवती आडोशाचे पत्रे लागले ते निघायचं नाव नाही. पत्रे लागले म्हणजे काय होते ते ज्याच्या दारात लागले त्यालाच समजते. गिऱ्हाईक येत नाही असं नाही, गिऱ्हाईक थांबत नाही. गाडी लावायला जागा नाही, समोरच्या साइडचा माणूस तर विसरूनच जाते की तुम्ही आहात. माल उतरवायला टेम्पो रात्री बोलवावा लागे, हमाल रात्रीचे वेगळे पैसे घेत. धुळीने माल खराब तो वेगळा. कपड्यावाले, मिठाईवाले पहिले गेले, काहून की त्यांचं गिऱ्हाईक पाहून आत येणारं. हार्डवेअर, प्लाय, मोटर पार्ट वाले टिकले कारण त्यांचं गिऱ्हाईक ठरवून येणारं, मिस्त्रीच्या सांगण्यावरून. म्हणून तुझा धंदा त्यातल्या त्यात बरा आहे. तू आत्ताच मिस्त्री आणि कंत्राटदार लोकांचे फोन नंबर धरून ठेव, ऑर्डर फोनवर घ्यायची सवय लाव, डिलिव्हरी आतल्या गल्लीच्या गोडाऊनमधून दे. जुनी जागा सोडू नको, तिथे गोडाऊन ठेव. काम निघालं तर तेच वाचवन.

काम झाल्यावर काय झालं हे पण सांगतो, नाहीतर म्हणशील काका नुसतं रडतात. रोड चांगला झाला, फुटपाथ झाला, भाव वाढले. पण ज्यांनी दिवस काढले ते बहुतेक भाड्यावाले होते, आणि भाव वाढले ते मालकाचे.

दुसरी गोष्ट ॲग्रीमेंटची. लिव्ह अँड लायसन्स तीन-पाच वर्षांचं करशील तर लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी मोडता न येण्याची अट, फक्त मालकावर ठेव, स्वतःवर नको, नाहीतर पत्रे लागल्यावर निघता पण येणार नाही. आणि एक ओळ टाकून घे, की दुकानासमोर सरकारी कामाचे पत्रे महिन्याच्या वर राहिले तर तेवढे दिवस भाडं अर्धं. वकील म्हणन याची गरज नाही. टाक म्हणावं.

रोजची_बस

काका ही ओळ माझ्या भावाला पण पाठवते, त्याचं मोबाइलचं दुकान आहे. अजून एक, काम निघायच्या आधी जनसुनावणी आणि हरकती-सूचना मागवतात तेव्हा दुकानदार संघटना पार्किंगसाठी भांडते, थांबा कुठे येणार यासाठी कोणीच भांडत नाही. थांबा दुकानासमोर आला तर माणसं तिथेच उतरतात. पार्किंगच्या चार गाड्यांपेक्षा ते कधीही बरं.

कलकत्ता_रिटर्न

फक्त कुंपणाचा दरवाजा पण त्याच बाजूला आहे का ते बघा, नाहीतर माणसं उतरतील समोर आणि जातील पलीकडच्या प्लायवूडवाल्याकडे.

मानेवाडा_वाला

गल्लेवाले काका, तुमचं वाचून आज दुपारीच जागेच्या मालकाकडे गेलो. अर्ध्या भाड्याची ओळ सांगितली तर म्हणते ठीक आहे टाकू, पण मग ट्राम आली तर भाडं दीडपट करायची ओळ पण टाकू. आता काय बोलू त्याला?

जुना_गल्लेवाला

टाकू दे नं. फक्त "ट्रामचं काम सुरू झाल्यावर" असं लिहू देऊ नको, "ट्राम मंजूर झाल्यावर" तर अजिबातच नको. "प्रवासी घेऊन पहिली गाडी धावल्याच्या तारखेपासून" असं लिहून घे आणि बिनधास्त सही कर.